विश्लेषण : गोष्ट सुरू होण्याआधीचा सिनेमा… दादासाहेब फाळके यांनी प्रेक्षकाला आधी काय दाखवले?

ओटीटीवर ‘इंट्रो वगळा’ हे बटण दाबताना आपण फक्त नावे वगळतो, की आणखी काही? सिनेमाच्या सुरुवातीची पाटी प्रेक्षकाला कशी तयार करते, हे समजून घ्यायचे तर भारतीय सिनेमाच्या पहिल्या दिग्दर्शकाच्या छापखान्यापासून सुरुवात करावी लागते.

नवी मुंबईतील करावे गावठाणातून निघाले की रिक्षाने काही मिनिटांत सीवूड्स स्थानकाला लागून असलेल्या मॉलमधले मल्टिप्लेक्स गाठता येते. आत जाहिराती संपतात, सेन्सॉरचे प्रमाणपत्र येते, तंबाखूचा इशारा होतो, निर्मिती संस्थांची बोधचिन्हे एकामागून एक झळकतात आणि मग नावे सुरू होतात. अजून एकही पात्र बोललेले नसते. तरीही हातात पॉपकॉर्न घेऊन अंधारात खुर्ची शोधणाऱ्या माणसाला अक्षरांचे वळण, रंग आणि मागचे संगीत यांवरून कळून चुकते, की आज घाबरायचे आहे, हसायचे आहे की डोळे पुसायचे आहेत. काळ्या पडद्यावर तुटक पांढरी अक्षरे आणि एकच ताणलेला सूर म्हणजे रहस्यपट. सनई आणि समई म्हणजे घरातली गोष्ट. ढोल-ताशे आणि जाड, दगडात कोरल्यासारखी अक्षरे म्हणजे इतिहास.

हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. शंभर वर्षे सिनेमा पाहणाऱ्या समाजात ते अंगवळणी पडले आहे. पण 1913 साली याच मुंबईच्या गिरगावात पहिला भारतीय कथापट पाहायला बसलेल्या प्रेक्षकाकडे अशी कोणतीही सवय नव्हती. समोर दिसणार ते नाटक आहे, जादूचा खेळ आहे, की देवदर्शन? हे आधी सांगणे भाग होते. ते काम धुंडिराज गोविंद फाळके या छपाईवाल्याने केले.

टायटलचे काम काय असते?

सुरुवातीची श्रेयनामावली दोन कामे करते. एक उघड, म्हणजे कोणी काय केले ते सांगणे. दुसरे काम न सांगता होते. ते म्हणजे पुढच्या दोन-अडीच तासांसाठी प्रेक्षकाचे मन एका सुरात लावणे. वाद्य जुळवून घेतात तसेच.

पाश्चात्त्य सिनेमाच्या इतिहासात या दुसऱ्या कामाचे श्रेय बहुतेक वेळा सॉल बास या अमेरिकी रेखांकनकाराला दिले जाते. 1955 च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठी त्याने कागद कापून केलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि एक वेडावाकडा हात पडद्यावर आणला. चित्रपट अमली पदार्थांच्या व्यसनावर होता आणि नायकाचे नावही दिसण्याआधी ती बेचैनी प्रेक्षकापर्यंत पोहोचत होती. त्याआधी अनेक चित्रपटगृहांत नावे संपेपर्यंत पडदा उघडण्याचीही तसदी घेतली जात नसे, असे सांगितले जाते. पुढे 1960 च्या ‘सायको’त आडव्या-उभ्या रेषांनी नावांचे तुकडे केले आणि भयपटाच्या सुरुवातीचे व्याकरणच ठरून गेले.

मराठी प्रेक्षकाला मात्र ही कल्पना नवी नव्हती. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हापासून संगीत नाटकाची सुरुवात नांदीने होत होती. नांदी संपली की सूत्रधार आणि नटी येत, कोणते नाटक होणार याची बोलणी करत आणि बोलता बोलता गोष्टीत शिरवत. तमाशात आधी गण, मग गवळण, मग वग. म्हणजे मुख्य खेळाआधी एक दार असते आणि त्या दारातून आत यायचे असते, हे इथल्या रसिकाला ठाऊक होते. फाळके ज्या घरात जावई म्हणून गेले, त्या घराचे किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते होते. नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदेही रंगवले होते. हे दार त्यांनी आतून पाहिलेले होते.

त्र्यंबकेश्वर ते दादर : सिनेमाआधीची चाळीस वर्षे

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही पोथी हातात घ्यावी, अशी घराची रीत होती. पण मुलाचा कल चित्रांकडे. वडिलांना मुंबईत विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. 1885 साली फाळके जे. जे. कला शाळेत दाखल झाले. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, वास्तुकला, साचेकाम, छायाचित्रण असे जे जे मिळेल ते शिकून घेतले.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परतून पुन्हा कॅमेरा लावला, तर फोटो काढल्याने आयुष्य घटते या समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. कॅमेऱ्याविषयीची भीती त्यांना अशी अगदी जवळून कळली. पुढे 1902 मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. 1903 पासून काही वर्षे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीचा जोर वाढला तसा सरकारी नोकरीतून ते बाहेर पडले.

आणि मग छपाई. लोणावळ्याला त्यांनी ठसे कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम केले. घराघरांत भिंतीवर लागलेली लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता, नळ-दमयंती ही चित्रे दगडावरून कागदावर कशी उतरतात, किती रंगांचे किती ठसे एकावर एक बसवावे लागतात, अक्षर चित्राखाली कुठे बसले तर डोळा आधी चित्राकडे जातो, हे सगळे त्यांच्या हाताला माहीत झाले. 1908 च्या सुमारास दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभे राहिले. 1909 मध्ये यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. कामाचे नाव झाले, पण भागीदारांशी पटले नाही. चाळिशी गाठलेला माणूस भरल्या धंद्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडला.

फाळके यांच्या चरित्रात हा काळ बहुधा दोन ओळींत उरकला जातो, आणि तिथेच गफलत होते. पहिला भारतीय दिग्दर्शक लेखक नव्हता, नट नव्हता. तो चित्राखाली अक्षरे बसवणारा कारागीर होता.

जादूगाराचा संबंध काय?

फाळके हातचलाखीचे प्रयोग करत. परदेशी जादूगार कार्ल हर्ट्झ याच्याशी त्यांची ओळख झाली होती आणि या विद्येत त्यांनी इतकी गती मिळवली, की ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते कार्यक्रम करू लागले. फाळके हे नाव उलटे वाचले की केळफा होते.

जादूगाराचा पहिला नियम असा, की खेळाआधी टोपी रिकामी दाखवायची. प्रेक्षकाने ती रिकामी पाहिली नसेल, तर आतून निघालेल्या सशाला काही किंमत नाही. ही गोष्ट पुढे ‘कालिया मर्दन’पाशी पुन्हा लागेल.

पडद्यावर ख्रिस्त, मनात कृष्ण

धंदा सुटल्यानंतर, 1910-11 च्या सुमारास, गिरगावातल्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. समोर येशू हलत होता आणि त्यांना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागले. पुढच्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. मग महिनोन्महिने मिळेल तो चित्रपट पाहणे, घरी फिल्मचे तुकडे भिंगाखाली तपासणे आणि झोप नावापुरती. डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजारांचे कर्ज उभे राहिले आणि फेब्रुवारी 1912 मध्ये फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. स्टुडिओत काम कसे चालते ते त्यांनी पाहिले, विल्यम्सन कॅमेऱ्याची आणि छिद्रे पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते परत आले. पैसे लावणाऱ्याला खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाण्याचे बी लावून ते उगवताना टप्प्याटप्प्याने टिपले. ‘अंकुराची वाढ’ हा तो मिनिटभराचा पट. महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात होताना पाहून सावकाराने कर्ज दिले.

एका पाटीला किती फूट फिल्म लागते?

मूकपटात पडद्यावर लिहिलेली पाटी हाच आवाज. आधी चित्रपटाच्या नावाची पाटी, मग प्रसंगांच्या मधल्या पाट्या. त्यांचे गणित रोखीचे होते. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग सेकंदाला साधारण 16 चौकटींच्या आसपास असे. म्हणजे ढोबळ हिशेबाने एका सेकंदाला एक फूट. वाचायला दहा सेकंद लागणारी पाटी दहा फूट कच्ची फिल्म खाते, आणि ती फिल्म परदेशातून येई.

फाळके यांच्या पाट्या इंग्रजीत आणि देवनागरीत असत. दोन भाषा म्हणजे पाटी जास्त वेळ टिकवणे आले, खर्च वाढणे आले. तरीही त्यांनी ते केले. इंग्रजी अक्षरे थिएटरच्या मालकासाठी आणि शिकलेल्या वर्गासाठी, देवनागरी बाकीच्यांसाठी. ज्यांना दोन्ही येत नसे, त्यांच्यासाठी शेजारी बसलेला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. मूकपटाची थिएटरे त्यामुळे मुळीच मुकी नव्हती. वाचणाऱ्यांचा आवाज, पडद्यासमोर बसलेल्या वादकांची पेटी आणि तबला, आणि देव दिसला की होणारा गजर, हे सगळे असे.

पाटी कमी शब्दांत लिहायची, पण सूर अचूक पकडायचा, ही शिस्त या हिशेबातून आली. छापखान्यात एका इंचाला किंमत असते, इथे एका फुटाला होती.

3 मे 1913 : पहिल्या दृश्यात काय होते?

दादरच्या मथुरा भवनात घर, प्रयोगशाळा आणि तालमीची जागा एकत्र आली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी बाई मिळेना. नाचगाण्याच्या पेशातल्या बायकांनीही पडद्यावर यायला नकार दिला. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. सात महिन्यांच्या आसपास काम चालले आणि चार रिळांचा, 3,700 फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. 21 एप्रिल 1913 रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला.

त्या दिवशीच्या कार्यक्रमात हरिश्चंद्र एकटा नव्हता. मिस आयरीन डेलमार यांचे नृत्य, एक विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे खेळ आणि छोटे विनोदी पट, अशी सगळी जंत्री होती. म्हणजे कसरत आणि विलायती नाच पाहून सैलावलेल्या प्रेक्षकाला फाळके यांना काही क्षणांत सत्ययुगात न्यायचे होते.

त्यांनी गोष्ट सुरू केली ती युद्धाने किंवा चमत्काराने नाही. उपलब्ध रिळातले सुरुवातीचे दृश्य घरगुती आहे. राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे आणि राणी शेजारी पाहते आहे. पात्रांची मांडणी रविवर्म्याच्या शैलीची आठवण करून देते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये जे रोज पाहिले, तेच हलू लागले, असे प्रेक्षकाला वाटावे अशी ती योजना होती. हे परके काही नाही, हे आपल्या देवघराशेजारचे आहे, हा संदेश त्या पहिल्या चौकटीत होता. पुढचे सगळे पौराणिकपट याच दारातून आत आले.

57 हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीची गंमत

पडद्यावरच्या पाटीआधी थिएटरबाहेरची पाटी असते. सुरतेला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पहिल्या खेळाला गल्ला जमला अवघा तीन रुपये. तिथला प्रेक्षक कमी पैशांत पाच-सहा तासांचे नाटक पाहायचा, तासाभराच्या खेळाला तो कशाला येईल? फाळके यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली. 57 हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. गर्दी लोटली.

हिशेब करून पाहिला तर 3,700 फुटांत 59 हजारांच्या घरात चौकटी होतात. म्हणजे 57 हजार हा आकडा प्रामाणिक म्हणावा असा. दोन मैल मात्र साडेदहा हजार फुटांहून अधिक होतात आणि हरिश्चंद्र पाऊण मैलसुद्धा नव्हता. केळफा मास्तरांनी एक हात उघडा दाखवला आणि दुसरा पाठीमागे ठेवला, एवढेच म्हणता येईल. पण या जाहिरातीत फाळके यांची खरी नजर दिसते. वेळ मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी चित्रे मोजायला लावली. आपण काय पाहायला आलो आहोत याची कल्पनाच त्यांनी दारात बदलून टाकली.

‘कालिया मर्दन’ : आधी मुलगी, मग देव

1913 अखेर फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. ‘सत्यवान सावित्री’ झाला. 1914 मध्ये फाळके चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. मग महायुद्धाने कच्ची फिल्म आणि भांडवल दोन्ही आटले. 1917 च्या ‘लंकादहन’ने पुन्हा उभारी दिली. त्यात अण्णा साळुंकेच राम आणि तेच सीता. पडद्यावर राम दिसला की लोक पायातल्या चपला काढत, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. 1918 साली नाशिकला भांडवलदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी स्थापन झाली आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ आला.

1919 चा ‘कालिया मर्दन’ मात्र या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. त्याची सुरुवात आजही पाहणाऱ्याला थबकवते. गोष्ट सुरू होण्याआधी एक पाटी येते. पुढे सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरील भावांचा अभ्यास पाहायचा आहे, अशा आशयाची. मग पडद्यावर येते ती मंदाकिनी, फाळके यांची मुलगी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ आहे. ती एकामागून एक भाव दाखवते. राग, हसू, रुसवा, भीती असे बदल लहान चेहऱ्यावर उमटत जातात. आणि मग तीच मुलगी डोळ्यांसमोर कृष्ण होते. त्यानंतर गोकुळ, खोड्या, यमुना आणि कालिया.

असे का केले असावे? सोपे उत्तर वडिलांचे कौतुक. पण तेवढ्यावर थांबणे फाळके यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

नाटकाच्या बाजूने पाहिले तर ही सरळ प्रस्तावना आहे. सूत्रधार आणि नटी आधी माणूस म्हणून भेटतात, मग खेळात शिरतात. फाळके यांनी तीच रीत कॅमेऱ्याने केली. जादूगाराच्या बाजूने पाहिले तर ही रिकामी टोपी. हा देव नाही, माझी मुलगी आहे, नीट पाहून घ्या, असे दाखवून झाल्यावर जो चमत्कार होतो त्याला वजन येते. चमत्कार फसवणुकीने नाही, कसबाने होतो, हे प्रेक्षकाच्या हातात आधीच दिलेले असते.

तिसरी बाजू अधिक महत्त्वाची. सात वर्षांपूर्वी तारामतीचे काम करायला एकही बाई तयार नव्हती. पडद्यावर चेहरा येणे म्हणजे अब्रू जाणे, असा तो काळ होता. त्याच मुंबई इलाख्यात एका शास्त्र्याच्या घरातला माणूस चित्रपटाच्या पहिल्याच क्षणी स्वतःच्या मुलीचा चेहरा पडदाभर ठेवतो आणि त्याला अभ्यास म्हणतो. अभिनय ही लाज नव्हे, विद्या आहे, हे विधान त्याने व्याख्यानात केले नाही, टायटलमध्ये केले.

यात धोका होता. देवाचे सोंग आधी उघडे केले तर भक्ती उरेल का? ‘लंकादहन’ला चपला काढणारा प्रेक्षक या मुलीला कृष्ण मानेल का? प्रेक्षकाने मानले. चित्रपट जोरात चालला. प्रेक्षक भाबडा होता म्हणून चमत्कारपट चालले, हे वरचेवर ऐकू येणारे मत या एका सुरुवातीपुढे टिकत नाही. त्याला युक्ती माहीत होती आणि तरी तो हात जोडत होता. दशावतारात किंवा रामलीलेत मुखवट्यामागचा गाववाला ओळखूनही नमस्कार करणाऱ्या समाजाला यात विसंगती वाटण्याचे कारण नव्हते.

युक्ती उघड करण्याची हौस फाळके यांना आधीपासून होतीच. 1917 च्या सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा पट काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात.

मग नावे कोणाची?

श्रेयनामावलीचे पहिले काम नावे सांगण्याचे. त्या आघाडीवर मूकपटांचा काळ कंजूष होता. आजच्यासारखी प्रत्येक तंत्रज्ञाची नोंद देण्याची पद्धतच नव्हती. हे तेव्हाचे जगभरचे चित्र होते. अमेरिकेतल्या कंपन्या तर चोरीच्या भीतीने नेपथ्यात स्वतःचे चिन्ह लटकवत, पण नटांची नावे द्यायला तयार नसत.

याची किंमत कोणी मोजली, हे फाळके यांच्याच घरात दिसते. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, रसायने मिसळली, फिल्म धुतली. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडला. आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. आजच्या नामावलीत त्यांचे नाव चार-पाच ठिकाणी आले असते. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ म्हणून त्यांची ओळख फार उशिरा झाली.

बोलपट आला आणि दार बदलले

भागीदारांशी पुन्हा बिनसले. फाळके काशीला गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. 1922 च्या सुमारास ते नाशिकला परतले आणि काम करत राहिले, पण पकड पहिली नव्हती. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पाटी वाचण्याचे युग संपले. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला.

पाट्यांचे काम आता आवाजाने वाटून घेतले. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात कंपनीच्या बोधचिन्हात तुतारी फुंकणारी स्त्री होती, आणि बोलपटात ती तुतारी ऐकू येऊ लागली. त्या सुरावट ऐकताच काय दर्जाचे पाहायला मिळणार, हे मराठी प्रेक्षक ओळखू लागला. फाळके यांना जे शब्दांत आणि चेहऱ्यात सांगावे लागले, ते प्रभातने काही सुरांत सांगितले.

फाळके यांचा एकमेव खरा बोलपट ‘गंगावतरण’, 1937 चा, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. वय 67. चमत्कृती होत्या, पण ज्या वर्षी शांताराम यांचा ‘कुंकू’ पार्श्वसंगीताशिवाय, घरातल्या आवाजांवर उभा राहिला, त्या वर्षी पौराणिक दार जुने वाटू लागले होते. नव्वदहून अधिक चित्रपट करणाऱ्या माणसाकडे पुढे काम राहिले नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो 1969 मध्ये, पहिल्या मानकरी देविका राणी.

आज काय पाहायला मिळते?

फारच थोडे. ज्वलनशील फिल्म, दमट हवा आणि चांदीसाठी जुनी रिळे विकण्याची पद्धत, यांत बहुतेक मूकपट गेले. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. संग्राहक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांचा माग काढत जे मिळेल ते गोळा केले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे हाती आली. ती 1913 च्या मूळ चित्रपटाची नसून 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मधला भाग गेला, पण राजपुत्राचा धनुष्याचा धडा वाचला.

‘कालिया मर्दन’ त्या मानाने बराचसा उपलब्ध आहे. त्याची सुरुवातही शाबूत आहे. ती पाटी, त्यानंतरचा सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा आणि त्याचा कृष्ण होणे, हे सगळे पाहायला काही मिनिटे पुरतात.